‘ड्यूड’चा उगम कुठला, आणि कुठल्या काळात त्याचा अर्थ काय?

पानगळ

अमेरिकी मजकुराचं मराठी भाषांतर करताना ‘ड्यूड’ या एकाच शब्दापाशी गाडी अडली आहे. समोर तीन उतारे आहेत. पहिला १८८३ सालच्या न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रातला. त्यात ‘ड्यूड’ची यथेच्छ टिंगल आहे. दुसरा १९२०च्या दशकातला, वायोमिंगमधल्या एका रँचवरचा, म्हणजे गुरं-घोडे पाळायच्या मोठ्या मळ्यावरचा. तिथला ‘ड्यूड’ घोड्यावर बसायला शिकतोय आणि त्याचे पैसेही मोजतोय. तिसरा १९८०च्या आसपासचा, कॅलिफोर्नियातल्या पोरांचा संवाद. दर दुसऱ्या वाक्यात ‘ड्यूड’ आहे आणि टिंगल मात्र कुणाचीच नाही.

शब्दकोशात ‘छानछोकी करणारा’ आणि ‘माणूस, गडी’ असे दोन अर्थ शेजारी शेजारी बसवलेत. एकातून दुसरा कसा निघाला, ते काही कळत नाही. प्रश्न असे:

शब्दाचा खरा उगम कोणता? हत्तीच्या केसापासून ते ‘डड्स’ म्हणजे कपडे या शब्दापर्यंत बरेच दावे वाचले. अर्थ कधी आणि कुणाच्या तोंडी फिरला? बाईला ‘ड्यूड’ म्हणतात का? आणि तिन्ही उताऱ्यांत मराठीत काय लिहावं?

कोशकीटक

आधी उगम, कारण पहिल्या उताऱ्याचं भाषांतर त्यावरच ठरणार आहे.

१८८३च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात रॉबर्ट सेल हिल यांची एक विनोदी कविता आली. ‘ड्यूड’चा खरा उगम आणि इतिहास सांगतो, असं तिचं शीर्षकच होतं. तिथून शब्दाने असा जोर धरला की काही आठवड्यांत गावोगावची वर्तमानपत्रं तो वापरू लागली. फेब्रुवारीत ब्रुकलिनच्या ‘ईगल’ने लिहिलं की हा नवा शब्द ‘डी-यू-डी-ई’ लिहायचा की ‘डी-ओ-ओ-डी’, तेच अजून ठरलेलं नाही. स्पेलिंगचा हा घोळ नीट लक्षात ठेवा, उगमाच्या वादात तो मोलाचा पुरावा आहे.

हा ‘ड्यूड’ दिसायचा कसा? पायाला चिकटलेली तंग विजार, हनुवटीपर्यंत चढलेली कडक कॉलर, टोकदार बूट, आखूड कोट, डोक्यावर लहानशी गोल हॅट. हातात छडी, आणि त्या छडीची मूठ तोंडात धरून चोखायची सवय. बोलणं उसन्या इंग्रजी साहेबाच्या ढंगाचं. वय विशीच्या आसपास, बापाचा पैसा, डोकं रिकामं. ऑस्कर वाइल्डचा अमेरिका दौरा १८८२ मध्ये झाला होता आणि सौंदर्यवादी पोशाखाची लाट तेव्हा जोरात होती. जुन्या ऑक्सफर्ड कोशानेही या शब्दाचा संबंध त्याच लाटेशी जोडला होता.

आता उगम. आज सगळ्यांत भक्कम मत असं आहे की ‘डूडल’ या शब्दाचं शेपूट तुटून ‘डूड’ झालं. जेराल्ड कोहेन आणि बॅरी पॉपिक या शब्दांचे उगम शोधणाऱ्या अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकातली शेकडो कात्रणं चाळून हे मांडलं. इंग्रजीत ‘डूडल’ म्हणजे बावळट, हा अर्थ सतराव्या शतकापासूनचा. आणि ‘यांकी डूडल’ हे गाणं तर प्रत्येक अमेरिकी माणसाला पाठ. त्यातला गावंढळ डूडल टोपीत पीस खोचतो आणि त्यालाच ‘मॅकरोनी’ म्हणतो. इथे मॅकरोनीचा खाण्याशी संबंध नाही. १७६०-७०च्या दशकांत युरोप फिरून आलेल्या, उंच केशरचनांचे टोप घालणाऱ्या लंडनच्या नटव्या तरुणांना मॅकरोनी म्हणत. थोडक्यात, टोपीत पीस खोचलं की आपण लंडनचे झालो, असं समजणारा खुळा म्हणजे डूडल.

शंभर वर्षांनी न्यूयॉर्कची श्रीमंत पोरं पुन्हा लंडनचीच नक्कल करू लागली, तेव्हा हे जुनं नाव त्यांच्या अंगाला चपखल बसलं. अर्थ जुळतो, उच्चार जुळतो, आणि ‘डी-ओ-ओ-डी’ हे सुरुवातीचं स्पेलिंगही जुळतं. तिन्ही बाजूंनी जुळणारा दुसरा दावा नाही.

भाषांतरात इथे ‘छेलबटाऊ’ वापरू नका. त्या शब्दाला रंगेलपणाचा वास आहे आणि १८८३च्या ड्यूडवर तो आरोप नव्हता. त्याच्यावरचा आरोप पोकळपणाचा आणि नकलेचा. ‘पोशाखी बाहुला’ हे मला जवळचं वाटतं. सारखं सारखं लिहायचं असेल तर ‘नटवा’.

झरोका

एक शंका. चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टनच्या १८७७च्या एका पत्रात हा शब्द आहे आणि शब्दकोशही पहिली नोंद तिथलीच देतात. मग १८८३ला जन्मसाल कसं म्हणायचं?

कोशकीटक

जन्मसाल म्हणूच नये. १८८३ हे साथीचं वर्ष आहे. बोलीतला शब्द आधी काही वर्षं तोंडी फिरतो, एखाद्या खासगी पत्रात उमटतो, आणि मग एखाद्या निमित्ताने वर्तमानपत्रांच्या हाती लागतो. रेमिंग्टन तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा होता, म्हणजे तरुण पोरांच्या बोलण्यात तो असणारच. पण तुमच्या १८८३च्या वाचकाला तो नवा कोरा वाटत होता, आणि भाषांतरात तो कोरेपणा उतरायला हवा. म्हणून पहिल्या उताऱ्यात शब्द पहिल्यांदा येतो तिथे ‘ड्यूड’ तसाच ठेवून लगेच वर्णनाने अर्थ उलगडावा. मूळ बातम्याही तेच करत: शब्द द्यायचा आणि पाठोपाठ प्राण्याचं वर्णन करावं तसं त्याचं वर्णन.

दोन_टिंबं

हत्तीच्या केसाबद्दल. ‘ड्यूड म्हणजे हत्तीच्या पार्श्वभागावरचा केस’ (कुठे हत्तीऐवजी उंट, कुठे केसाला संसर्ग झालेला) हा निव्वळ पोरांच्या चिडवाचिडवीतला शोध आहे. एकाने ‘ड्यूड’ म्हटलं की दुसऱ्याने ‘अर्थ माहीत आहे का?’ म्हणून जिरवायची, एवढंच त्याचं काम. कुठल्याही जुन्या मजकुरात या अर्थाने शब्द आलेला नाही.

असे दावे तपासायची पद्धत एकच आहे आणि ती कोणत्याही बोलीशब्दाला चालते:

१. दावा ज्या अर्थाचा आहे, त्या अर्थाने शब्द वापरलेलं तारखेसह एक तरी जुनं वाक्य शोधायचं. नसेल तर दावा तिथेच संपला.

२. ते वाक्य, ज्या अर्थाचा उगम सांगितला जातोय, त्याच्या आधीचं हवं. नंतरचं असेल तर उगम नव्हे, नातं उलटं आहे.

३. ठिकाण जुळायला हवं. शब्द न्यूयॉर्कमध्ये उगवला आणि दावा भलत्याच प्रांताच्या बोलीचा असेल, तर मधला पूल दाखवावा लागतो.

४. अर्थाची पायरी पटायला हवी.

‘डड्स’ म्हणजे कपडे हा दावा पहिल्या तीन कसोट्यांना टिकतो. शब्द मध्ययुगापासूनचा आहे आणि अमेरिकेतही चालत होता. अडतो चौथ्या पायरीवर. ‘डड्स’ बहुधा साध्या, जुनाट, कधी फाटक्या कपड्यांना म्हणत. कडक कॉलरवाल्याला चिंध्यांवरून नाव का पडेल? शिवाय ‘डड’ मधला स्वर आखूड, ‘डूड’ मधला लांब. तो लांबला कसा, याचं उत्तर नाही. पुढे दोन्ही शब्द एकमेकांच्या सावलीत आले असतील, पण मूळ तिथे नाही.

जुन्या वर्तमानपत्रांच्या डिजिटल साठ्यात स्वतः शोधणार असाल तर सावध राहा. यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत ‘ड्यूक’ आणि ‘रूड’ हे शब्द सर्रास ‘ड्यूड’ म्हणून उमटतात. पानाचं मूळ चित्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही नोंद धरू नये. टोपणनाव म्हणून आलेलं ‘ड्यूड’ही बाजूला काढावं. आणि ‘डी-ओ-ओ-डी’ हे स्पेलिंग वेगळं शोधावं, नाहीतर सुरुवातीच्या महिन्यांतला माल हातचा जातो.

उंबरठा

दुसऱ्या उताऱ्याबद्दल.

१८८०च्या दशकातच ड्यूड शब्द रेल्वेबरोबर पश्चिमेला पोचला. तिथल्या गुराख्यांच्या दृष्टीने पूर्वेच्या शहरातून आलेला, नवेकोरे कपडे घातलेला कुणीही ड्यूड. थिओडोर रूझवेल्ट १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या विधानसभेत आले तेव्हा त्यांच्या पोशाखावरून त्यांना ड्यूड म्हणून हिणवलं गेलं. पुढच्या वर्षी ते डकोटाच्या बॅडलँड्स या ओसाड मुलखात गेले, तिथेही लोकांनी त्यांना ड्यूडच ठरवलं. शब्द तोच, पण शहरात त्याचा अर्थ ‘फाजील नटलेला’ आणि रानात ‘शहरातून आलेला’. पोशाखाकडून पत्त्याकडे अर्थ सरकला तो इथे.

मग त्याच बॅडलँड्समध्ये ईटन बंधूंच्या रँचवर पूर्वेकडचे ओळखीपाळखीचे लोक येऊन राहू लागले. खाण्यापिण्याचा खर्च वाढला, तसे ते पाहुणे पैसे देऊ लागले. १९०४ मध्ये ईटन बंधूंनी बिऱ्हाड वायोमिंगमध्ये शेरिडनजवळ वुल्फला हलवलं आणि तो धंदाच झाला. १९२६ मध्ये असे रँच चालवणाऱ्यांनी संघटनाही काढली आणि तिच्या नावातच ‘ड्यूड’ घेतलं. गिऱ्हाइकाच्या तोंडावर शिवी म्हणून वापरायचा शब्द कुणी पाटीवर लावत नाही. म्हणजे १९२०च्या दशकापर्यंत रँचवर ड्यूडचा डंख पुष्कळ बोथट झाला होता आणि अर्थ राहिला होता ‘पैसे देऊन राहणारा शहरी पाहुणा’.

त्या उताऱ्यात आणखी काही जोडशब्द भेटतील. ‘ड्यूड रँगलर’ म्हणजे पाहुण्यांना घोड्यावरून फिरवून आणणारा, त्यांचे घोडे सांभाळणारा गडी. ‘ड्यूड स्ट्रिंग’ म्हणजे पाहुण्यांसाठी राखलेले घोडे. ‘ड्यूडीन’ म्हणजे स्त्री पाहुणी. हा शब्द मुळात १८८३च्या लाटेतलाच, तेव्हा नटव्या बाईसाठी होता. ‘ड्यूड अप’ हे क्रियापद मात्र जुना अर्थ धरून बसलं आहे: नटूनथटून तयार होणं. ते आजही कानावर येतं आणि त्यात ड्यूड म्हणजे ‘मित्र’ असं समजलं की वाक्य हमखास बिघडतं.

मराठीत इथे ‘शहरी पाहुणा’ हे साधं आणि अचूक. गुराख्याच्या तोंडी असेल तर ‘शहरी बाबू’. ‘नवखा’ नको. नवख्यासाठी तिथे ‘टेंडरफूट’ हा वेगळा शब्द होता. नवखा शिकून तिथलाच होऊ शकतो, ड्यूड परत जायला आलेला असतो.

कोशकीटक

उंबरठा यांनी छान मांडलंय. शहरातल्या अर्थाला एक जोड: मार्क ट्वेन यांनी १८८९च्या कादंबरीत राजा आर्थरच्या चिलखतधारी सरदारांना ‘लोखंडी ड्यूड’ म्हटलंय. सहा वर्षांत शब्द इतका रुळला होता की विजार-कॉलर नसतानाही विनोद कळत होता.

सप्तपर्ण

तिसरा उतारा. नेमकी वळणाची जागा इथे आहे आणि शब्दकोश ती गाळतात.

‘फाजील नटलेला’पासून ‘मित्रा’पर्यंत थेट उडी मारता येत नाही. मधे एक असा समाज हवा जिथे नटणं ही अभिमानाची गोष्ट आहे. तो समाज १९३० आणि ४०च्या दशकांतल्या शहरी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकन तरुणांचा. रिचर्ड हिल यांनी १९९४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात या शब्दाचा इतिहास लिहिला, त्यात हा दुवा स्पष्ट केला आहे. हे तरुण झूट सूट घालत: रुंद खांदे, गुडघ्यापर्यंत लांब कोट, छातीपर्यंत वर चढवलेली ढगळ विजार आणि ती घोट्याशी घट्ट. युद्धकाळात कापडावर बंधनं आली तरी त्यांनी तो सोडला नाही. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर नाविक-सैनिकांनी असे पोशाख घातलेल्या पोरांना मारलं आणि अंगावरचे कपडे फाडले. ज्यांनी कपड्यांसाठी मार खाल्ला, त्यांच्या तोंडी ‘ड्यूड’ ही शिवी राहणं शक्यच नव्हतं. त्यांच्यात ड्यूड म्हणजे ‘झकास कपडे घालणारा आपला माणूस’. मग ‘झकास कपडे’ गळले, ‘आपला माणूस’ उरला. शेवटी नुसता ‘माणूस’ आणि त्याला मारायची हाक.

तिथून १९६०-७०च्या दशकांत शब्द गोऱ्या तरुणांकडे गेला, मग सर्फर आणि स्केटबोर्डवाल्यांकडे. १९६९च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटात या सांध्याचा अगदी जवळून पुरावा मिळतो. वकिली करणारं पात्र ‘ड्यूड’ ऐकून गोंधळतं आणि विचारतं, ड्यूड म्हणजे ड्यूड रँचमधला का? त्याला सांगितलं जातं की नाही, ड्यूड म्हणजे चांगला, साधासरळ माणूस. त्या एका प्रश्नोत्तरात जुना आणि नवा अर्थ समोरासमोर उभे आहेत. १९६९ पर्यंत दोन्ही चालू होते आणि कोणता कुणाच्या ओळखीचा, हे वयावर आणि संगतीवर ठरत होतं. पुढे १९८२च्या ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’मधल्या सर्फर पोरामुळे तो देशभर पोरांच्या तोंडी बसला.

पानगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिले दोन उतारे सुटले. तिसऱ्यात अडचण अशी की सलग प्रत्येक ‘ड्यूड’ला ‘मित्रा’ घातलं की संवाद नाटकी होतो. आणि दोन ठिकाणी मुलगी मुलीला ड्यूड म्हणते.

अनुस्वार

‘मित्रा’ काढून टाका. आधी प्रत्येक ड्यूड वाक्यात काय काम करतोय ते पाहा.

पिट्सबर्ग विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ स्कॉट कीझलिंग यांनी २००४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’मध्येच फक्त या शब्दावर निबंध लिहिला. विद्यार्थ्यांकडून त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेले वापर टिपून घेतले होते. त्यांचा मुख्य मुद्दा असा: ड्यूडमध्ये जवळीक आहे, पण अंतर राखलेली जवळीक. ‘आपण एका बाजूचे आहोत’ हे सांगायचं, पण गळ्यात पडायचं नाही. सर्वांत जास्त वापर पुरुष पुरुषांशी करतात, त्याखालोखाल मुली मुलींशी. पुरुषाने बाईला म्हणणं कमी, आणि प्रेमाच्या नात्यात तर बहुधा टाळलंच जातं, कारण तिथे अंतर नको असतं. आईवडील आणि प्राध्यापकांनाही म्हणत नाहीत. तेव्हा मुलीने मुलीला ड्यूड म्हणणं अगदी स्वाभाविक.

एक भेद मात्र कायम पाळा. हाक मारताना ड्यूड दोघांनाही चालतो, पण तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना तो पुरुषच असतो. ‘दॅट ड्यूड’, ‘सम ड्यूड’ म्हणजे ‘तो माणूस’, ‘कुणीतरी पोरगा’. तिथे मैत्रीचा लवलेशही नसतो. अनोळखी चोरही ‘सम ड्यूड’ असू शकतो. इथे ‘मित्र’ लिहिलं तर सरळ चूक.

आता जागा पाहा. ‘ड्यूड, यू आर लेट’ आणि ‘यू आर लेट, ड्यूड’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत. सुरुवातीचा ड्यूड लक्ष वेधतो, पुढे काहीतरी सांगण्यासारखं आहे असा इशारा देतो: ‘अरे, उशीर झालाय तुला!’ शेवटचा ड्यूड तक्रारीची धार काढतो: ‘उशीर केलास राव.’ आपल्या ‘राव’सारखा दुसरा शब्द शोधून सापडणार नाही. वाक्याच्या शेवटी बसतो, बरोबरीचं नातं सांगतो, तक्रार मऊ करतो आणि मुलीही एकमेकींत सहज वापरतात. ‘काय राव!’ हा तर एकट्या उद्गारवाचक ड्यूडचा थेट जुळा.

एकटा ड्यूड आला तर सूर ओळखावा लागतो. मूळ लेखकाने अक्षरं लांबवली असतील तर तो बहुतेक आनंद, अचंबा किंवा निराशा आहे: ‘आयला!’, ‘भारीच!’, ‘अरे देवा’. तुटक आणि पूर्णविरामासह असेल तर ती समज आहे: ‘बास हं.’ दोघांनी एकापाठोपाठ ‘ड्यूड’-‘ड्यूड’ म्हटलं तर ते नमस्कार-चमत्कार, तिथे ‘काय म्हणतोस?’-‘मजेत’ पुरतं. आणि सलग संवादात तीनातला एक ड्यूड सरळ गाळा. मराठीत ‘-स’ हा क्रियापदाचा एकेरी प्रत्ययच पुष्कळशी सलगी दाखवतो. ‘आलास’ म्हटलं की निम्मं काम झालेलं असतं.

झरोका

‘भावा’ का नको?

अनुस्वार

मुलामुलांत चालेल, पण ‘ब्रो’ आला की पंचाईत होईल. ‘ब्रो’साठी ‘भावा’ राखून ठेवा. शिवाय मुलीमुलींच्या दोन जागी ‘भावा’ म्हटलं की वेगळाच ढंग येतो, जो मूळात नाही.

दोन_टिंबं

उच्चार राहिला. अमेरिकेत आज सर्रास ‘डूड’ आहे, ‘य’ नाही. ‘ट्यून’चं ‘टून’ आणि ‘न्यू’चं ‘नू’ होतं तेच इथे. १८८३च्या ‘डी-ओ-ओ-डी’ स्पेलिंगवरून तेव्हाही ‘डूड’ म्हणणारे होते हे दिसतं. ब्रिटिश उच्चारात ‘य’ येतो, कधी तो ‘जूड’कडे झुकतो. कॅलिफोर्नियातल्या पोरांचा ‘ऊ’ जिभेच्या पुढच्या भागातून निघतो, म्हणून तो किंचित ‘डिऊड’सारखा ऐकू येतो आणि लांबवला की तो फरक चांगलाच जाणवतो.

मराठीत मात्र ‘ड्यूड’ हेच लेखन रुळलंय, तेच ठेवावं. फक्त पहिल्या उताऱ्यात वर्तमानपत्र स्पेलिंगचा घोळ घालत असेल, तर तिथे ‘ड्यूड की डूड’ असं लिहून तो वाद दाखवावा.

पानगळ

तसंच आहे, उताऱ्यात स्पेलिंगवरून दोन ओळी आहेत. आता पहिलं वाक्य असं केलंय: “शहरात एक नवा प्राणी अवतरला आहे. त्याला ड्यूड म्हणतात, कुणी डूडही म्हणतात. हा पोशाखी बाहुला छडीची मूठ चोखत फिरतो.” तिसऱ्या उताऱ्यात एकूण एकोणीस ‘ड्यूड’ होते. सहा गाळले, पाच ठिकाणी ‘राव’, चार ठिकाणी ‘अरे’, मुलींच्या दोन जागी ‘अगं’ आणि ‘काय गं’, आणि ‘सम ड्यूड’ दोनदा होता तिथे ‘कुणीतरी पोरगा’.

अनुस्वार

मुलींच्या दोन्हींपैकी एका जागी ‘राव’ ठेवून पाहा. ‘अगं’ म्हटलं की वाक्य बायकी वळणाचं होतं, आणि मुलीने मुलीला ड्यूड म्हणण्यात नेमकं ते वळण टाळलेलं असतं.